पत्त्याच्या पानाएवढा तुकडा : मँचेस्टर ते डब्लिन

पहिला दिवस : मँचेस्टर

विमानतळावर भाचा घ्यायला आला होता. गाडीत बसल्याबसल्या त्याने विचारलं, "मामा, उद्या ओल्ड ट्रॅफर्ड बघायचं ना? क्रिकेटचं की फुटबॉलचं?" म्हटलं, दोन्ही नको, मला जॉन रायलंड्स लायब्ररीत सोड. तिथे एका पपायरसचा, म्हणजे इजिप्तच्या जुन्या कागदाचा, तुकडा आहे, तो बघायचाय. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी मुंबईला जाऊन फक्त चर्चगेटचं तिकीटघर बघायचंय म्हणतोय.

थोडा खुलासा करतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी मोडी वाचतो. हौस म्हणून सुरू केलं, आता लोक घरातले जुने कागद घेऊन येतात. वतनाचे, गहाणाचे, भाऊबंदकीचे. त्यातल्या निम्म्या कागदांवर तारखेची जागाच फाटलेली असते आणि नेमका तोच प्रश्न पहिला येतो : "काका, हे किती सालचं?" मग अक्षराचं वळण बघून सांगायचं. शिवकालीन वळण वेगळं, पेशवाईतलं वेगळं, कंपनी सरकार आल्यानंतरचं आणखी वेगळं. या धंद्यात ज्याचं नाव जगभर निघतं असा कागद म्हणजे मँचेस्टरचा हा तुकडा. बायबलच्या नव्या कराराच्या यादीत त्याला पी-५२ म्हणतात. लायब्ररीच्या दप्तरी तो ग्रीक पपायरस क्रमांक ४५७. योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकाच्या, एका पानाचा एवढासा कपटा. त्यावर साल नाही, गाव नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही. जे काही वय सांगितलं जातं ते सगळं वळणावरून.

संध्याकाळी पाऊस होताच. सूनबाईने मुगाची खिचडी केली होती. जेवलो आणि आठ वाजता, बाहेर लख्ख उजेड असताना, झोपलो.

दुसरा दिवस : डीन्सगेट

डीन्सगेट हा मँचेस्टरचा मोठा, गजबजलेला रस्ता. काचेच्या चकचकीत इमारतींमध्ये ही लायब्ररी एखाद्या काळवंडल्या चर्चसारखी उभी आहे. चर्च नव्हे, पण मुद्दाम तशी बांधलेली. जॉन रायलंड्स हे कापड गिरण्यांचे मालक, मँचेस्टरच्या अतिश्रीमंतांपैकी. ते १८८८ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी एन्रिकेटा मूळच्या क्यूबात जन्मलेल्या. त्यांनी नवऱ्याच्या स्मरणार्थ हे ग्रंथालय उभारायचं ठरवलं. बेसिल चँपनीज नावाच्या वास्तुविशारदाला बोलावलं आणि पैशाकडे न बघता काम करून घेतलं. मधल्या काळात, १८९२ मध्ये, अर्ल स्पेन्सर यांचा अख्खा ग्रंथसंग्रह दोन लाखांहून अधिक पौंडांना उचलला. लोकांसाठी दार उघडलं १ जानेवारी १९०० रोजी. बाहेर धुराडी ओकत होती त्या शहरात आत विजेचे दिवे आणि हवा गाळून घेण्याची सोय!

मी पायऱ्या चढताना मनात मात्र दुसरंच. हा सगळा पैसा कापडाचा. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा, १८६१ ते ६५ च्या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्या कापसाची गरज पडली आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. पुढे तेच विलायती कापड लॉरीत भरून काळबादेवीतून निघालं, तेव्हा १२ डिसेंबर १९३० ला बाबू गेनू रस्त्यात आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. लायब्ररीचा त्या लॉरीशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मराठी माणसाला मँचेस्टरात हे आठवतंच. वरच्या वाचनदालनात दोन्ही टोकांना नवरा-बायकोचे पांढरेशुभ्र संगमरवरी पुतळे समोरासमोर आहेत. एन्रिकेटाबाईंच्या पुतळ्यापाशी मी जरा जास्त वेळ थांबलो.

आता मुख्य गोष्ट. ज्या दालनात तुकडा ठेवलाय तिथे अंधारच म्हणावा इतका कमी उजेड. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये धरलेला, उभा, म्हणजे दोन्ही बाजू बघता याव्यात असा. मी खिशात हात घातला आणि जवळचा चष्मा नाही! भाच्याच्या घरी खिचडीच्या ताटाशेजारी राहिलेला. सहा हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून आलेला मोडीवाचक पपायरससमोर उभा, आणि दिसतंय काय, तर तपकिरी रंगाचं एक ठिगळ. भाचा हसला नाही, ही त्याची माया. त्याने फोनचा कॅमेरा, अर्थात फ्लॅश न मारता, मोठा करून धरला. "मामा, हे एवढंसंच?"

एवढंसंच. उंची ८.९ सेंटिमीटर, रुंदी जेमतेम ६. आमच्या घरी पत्त्यांचा कॅट आहे, त्यातलं पान साधारण याच मापाचं. एका बाजूला सात ओळींची सुरुवात, दुसऱ्या बाजूला सात ओळींचा शेवट. एकही ओळ पूर्ण नाही. मूळ पानावर अशा अठरा-एक ओळी असाव्यात असा हिशेब मांडलाय.

दोन्ही बाजूंना मजकूर आहे याला फार किंमत. त्या काळी ग्रीक ग्रंथ गुंडाळीवर, म्हणजे आपल्या जुन्या जन्मपत्रिकेसारख्या लांब पट्टीवर, एकाच बाजूने लिहीत. एका बाजूचा मजकूर जिथे थांबतो त्याच्या पुढचा मजकूर पाठीमागे मिळतो, म्हणजे हे गुंडाळीतलं नव्हे, शिवलेल्या वहीचं पान. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींनी गुंडाळी सोडून वही का धरली, यावर विद्वानांचं आजही एकमत नाही. मला आपलं वाटतं, वही झोळीत मावते आणि हवं ते पान चटकन काढता येतं. पंढरीच्या वाटेवर कोणी गुंडाळी उलगडत बसेल का?

रात्री घरी येऊन चष्मा लावला आणि लायब्ररीने जालावर ठेवलेली छायाचित्रं मोठी करून पाहिली. भाचाही शेजारी बसला. ग्रीक अक्षरं मी गेली दोन वर्षं गिरवतोय, अडखळत वाचता येतात.

प्रसंग योहानाच्या अठराव्या अध्यायातला. येशूला पिलात या रोमन सुभेदारापुढे उभं केलंय. पुढच्या बाजूला ३१ ते ३३ या वचनांचे अवशेष : आम्हांला कोणाला जिवे मारण्याचा अधिकार नाही, असं यहुदी सांगतात, पिलात पुन्हा आत जातो. जिथे जातो त्या 'प्रेटोरियन' शब्दाची फक्त शेवटची चार अक्षरं उरलीत. मराठी बायबलात या जागेला झकास शब्द आहे, सरकारवाडा. शेवटच्या ओळीत तीन अक्षरं. 'तू यहुद्यांचा राजा आहेस काय?' या अख्ख्या प्रश्नातलं 'यहुद्यांचा' या शब्दाचं शेपूट.

पाठच्या बाजूला ३७ आणि ३८. 'यासाठी मी जन्मलो' आहे. 'जगात... साक्ष' आहे. 'सत्याचा' आहे. चौथी ओळ संपते ती 'त्याला म्हणतो' या शब्दांवर. पाचव्या ओळीच्या टोकाला आहे 'आणि हे...'

भाच्याने विचारलं, "मधे काय?"

मधे पिलाताचा तो जगप्रसिद्ध प्रश्न, 'सत्य काय आहे?' तो पाचव्या ओळीच्या सुरुवातीला होता आणि पानाचा नेमका तेवढा भाग गेलाय. 'त्याला म्हणतो' उरलं, 'आणि हे बोलून' मधलं 'आणि हे' उरलं, प्रश्न मातीत गेला. मी कितीतरी लेखांत वाचलं होतं की या तुकड्यावर 'सत्य काय आहे' लिहिलंय. नाहीये. तिथे ते असणार हे नक्की, कारण बाकीच्या प्रतींत आहे, पण पपायरसवर आज दिसत नाही. उरलेलं आणि भरून काढलेलं यांत फरक करायला मोडीने मला शिकवलं. छापताना आपण फाटका मजकूर चौकटी कंसात घालतो, आणि वाचणारा कंस विसरतो.

आणखी एक गंमत. लिहिणाऱ्याची शुद्धलेखनाची तऱ्हा. 'आम्हांला' या ग्रीक शब्दात जिथे नुसता 'इ' हवा तिथे त्याने 'एइ' घातलाय, आणि 'आत गेला' या शब्दात जिथे 'एइ' हवा तिथे नुसता 'इ'. त्या काळापर्यंत दोन्हींचा उच्चार एकच झाला होता, त्यामुळे हात कुठेही वळायचा. आपल्या ऱ्हस्व-दीर्घाचीच जात! दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाला 'पाणि' लिहिताना पकडल्यासारखं वाटलं आणि तो माणूस एकदम जवळचा झाला.

तिसरा दिवस : पुन्हा डीन्सगेट, मग रेल्वे, मग बोट

सकाळी चष्मा गळ्यात दोरीने अडकवून पुन्हा लायब्ररीत. एकटाच. प्रवेश फुकट असल्याने कोणी काही विचारलं नाही. अर्धा तास त्या काचेसमोर उभा होतो. पपायरस म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडाच्या गाभ्याच्या पट्ट्या, एक थर आडवा, एक उभा, दाबून एकजीव केलेल्या. चष्म्यातून ते धागे स्पष्ट दिसतात. शाई काळी, अजून. अक्षर सुटं सुटं, गोलसर, किंचित सजवलेलं. सफाईदार लेखनिकाचं नव्हे, पण घाईचंही नव्हे.

आता सालाची गोष्ट. हा तुकडा १९२० मध्ये बर्नार्ड ग्रेनफेल यांनी इजिप्तमधल्या बाजारात इतर कपट्यांबरोबर विकत घेतला. हे ग्रेनफेल म्हणजे आर्थर हंट यांच्याबरोबर तिथल्याच ऑक्सिरिंकस या प्राचीन गावाचे उकिरडे उपसून हजारो पपायरस बाहेर काढणारे. तुकडा मँचेस्टरला आला आणि डब्यात पडून राहिला. ग्रेनफेल १९२६ मध्ये गेले, हंट १९३४ मध्ये. मग हा गठ्ठा ऑक्सफर्डच्या कॉलिन रॉबर्ट्स या तरुणाच्या हाती आला, त्याने ओळी जुळवल्या आणि हे योहान आहे हे ओळखलं. १९३५ मध्ये त्यावर छोटी पुस्तिका निघाली.

रॉबर्ट्सने तेच केलं जे आम्ही करतो : ज्यांवर साल आहे असे कागद शेजारी ठेवले आणि वळण ताडून पाहिलं. त्यात इसवी सन ९४ चं एका जमीनदाराचं शेतीकामाचं पत्रही होतं. त्याने काळ लावला दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध. मोठमोठ्या जाणकारांनी मान डोलावली. पुढे पुस्तकापुस्तकांत याचं 'सुमारे १२५' झालं आणि मग 'सुमारे'ही गळलं.

त्याचा गाजावाजा होण्याला कारण होतं. जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या बाउर यांच्यासारख्या पंडितांनी योहानाचं शुभवर्तमानच दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, १६० नंतर कधीतरी, लिहिलं गेलं असं मांडलं होतं. इजिप्तच्या एखाद्या गावात जर १२५ च्या सुमाराला त्याची नक्कल हिंडत असेल तर तो इमलाच कोसळतो. पत्त्याच्या पानाने पाडलेला इमला!

पण २००५ मध्ये ब्रेंट नाँगब्री या अभ्यासकाने शांतपणे विचारलं, तुलनेला घेतलेले कागद मुळात किती नेमके? त्याने दुसऱ्या शतकाच्या अखेरचे आणि तिसऱ्याच्या सुरुवातीचे, साल असलेले कागद शेजारी मांडून दाखवलं की हेच वळण तिथेही भेटतं. २०१२ मध्ये ओर्सिनी आणि क्लॅरिस या जोडीने १२५ ते १७५ असा पल्ला दिला. म्हणजे नुसत्या अक्षरावरून पन्नास वर्षांचा पल्ला दिला तरी तो धीटपणाच.

हे मला पटायला पपायरसची गरज नव्हती. चार वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका कुटुंबाचा कागद मी पाहिला. वर आणि खाली फाटलेला. वळण बघून छातीठोकपणे सांगून टाकलं, थोरल्या माधवरावांच्या वेळचा, १७६५ च्या आसपासचा. त्यांनी तो चौकटीत बसवला, खाली पितळी पट्टी लावून साल कोरलं. मग त्याच घराण्याचा दुसरा कागद आला, त्याच हातचा, ओळखीचा तोच वेडावाकडा 'क'. त्यात 'कंपनी सरकार' आणि कलेक्टरसाहेबांचं नाव. म्हणजे लिहिणारा कारकून म्हातारा असणार, वडिलांकडून शिकलेलं वळण त्याने मरेपर्यंत सोडलं नसणार. मी निदान पन्नास वर्षांनी चुकलो होतो. आणि हे मी त्यांना आजवर सांगितलं नव्हतं.

काचेसमोर उभं राहून हेच आठवत होतो. बाजूला शाळेची मुलं आली, त्यांच्या बाईंनी 'जगातला सर्वांत जुना' वगैरे सांगितलं, एका मुलाने विचारलं की त्यांना कसं कळलं. बाई म्हणाल्या, हँडरायटिंगवरून. मुलाचं समाधान झालेलं दिसलं नाही. शाबास रे पठ्ठ्या.

दुपारची गाडी पकडली. इथे रेल्वे आणि बोट यांचं मिळून एकच तिकीट मिळतं, मँचेस्टर ते डब्लिन, विमानापेक्षा निवांत. एक सूचना : आपल्या ब्रिटनच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटन-आयर्लंडची सामायिक व्हिसा योजना) असा शेरा असेल तरच आयर्लंडला वेगळा व्हिसा लागत नाही, आणि आधी ब्रिटनमध्येच उतरलेलं असावं लागतं. निघण्याआधी ते बघून घ्या.

चेस्टर सोडलं की रूळ वेल्सच्या समुद्राला चिकटून धावतात. कॉन्वी इथे तर गाडी किल्ल्याच्या तटाला अक्षरशः खांदा घासून जाते. डब्यात सूनबाईने दिलेली थालीपिठं काढली. समोरच्या वेल्श आजींनी वासाची चौकशी केली, अर्धं त्यांना दिलं. होलीहेडला बोटीची वाट बघण्यात संध्याकाळ गेली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बोट सव्वातीन तासांची. मध्यरात्री डब्लिन.

चौथा दिवस : चेस्टर बीटी

डब्लिन कॅसलच्या बागेमागे हे संग्रहालय. इथेही प्रवेश फुकट. आल्फ्रेड चेस्टर बीटी हे अमेरिकेतले खाणसम्राट, तांब्यावर गबर झालेले. १९५० मध्ये डब्लिनला स्थायिक झाले, मरताना संग्रह या देशाच्या लोकांना देऊन गेले. मुघल चित्रांपासून जपानी पटांपर्यंत काय काय आहे, पण मी सरळ धर्मग्रंथांच्या मजल्यावर गेलो.

मँचेस्टरला कपटा, इथे पानंच्या पानं. १९३१ च्या नोव्हेंबरात बीटींच्या या पपायरसांची बातमी लंडनच्या टाइम्समध्ये आली. पी-४५ मध्ये चारही शुभवर्तमानं आणि प्रेषितांची कृत्ये एका वहीत, सुमारे ११० पानपत्रांपैकी (पुढची-मागची बाजू मिळून एक पानपत्र) ३० उरलेली. पी-४७ म्हणजे बायबलाच्या शेवटच्या पुस्तकाची, प्रकटीकरणाची, दहा. आणि माझं आवडतं पी-४६ : पौल या ख्रिस्ती प्रेषिताची पत्रं. १०४ पैकी ८६ पानपत्रं टिकलीत, ५६ इथे आणि ३० अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात, कारण विकणाऱ्यांनी एकच वही तुकड्यातुकड्यांनी दोघांना विकली. हे वाचताना आपले दप्तरांचे गठ्ठे किलोवर रद्दीत गेलेले आठवले.

पी-४६ समोर मी रमलो. ही वही एकाच जुडीची, म्हणजे सगळे ताव एकावर एक ठेवून एकदाच मधोमध दुमडलेले. अशा वहीत आधीच अंदाज बांधावा लागतो, अर्धा मजकूर बरोबर मध्यावर आला पाहिजे. लेखनिकाचा अंदाज चुकला. मध्यानंतर त्याच्या लक्षात आलं असणार, कारण पुढे पानावरच्या ओळी वाढत जातात, सुरुवातीला पंचवीस-सव्वीस, शेवटी तीसच्या वर. आंतर्देशीय पत्राच्या शेवटच्या घडीवर आई जशी बारीक अक्षरात 'बाकी सर्व क्षेम' कोंबायची, तसं! काही पत्रांच्या शेवटी ओळींची बेरीज मांडलीय. लेखनिकाची मजुरी अशा मोजणीवर ठरत असे. आपल्याकडेही पोथीच्या शेवटी बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून ग्रंथसंख्या लिहीत, नकलणाऱ्याचा हिशेब त्यावर. धर्म कोणताही असो, पोट तेच.

आणि या सगळ्यांत पौलाच्या किंवा योहानाच्या हातचं काही नाही. असणार कसं? ज्ञानेश्वरांच्या हातची ज्ञानेश्वरी तरी कुठेय? ती लिहिली गेली शके १२१२ मध्ये, आणि पाठ बिघडले म्हणून नाथांना शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत करावी लागली. आमच्या जवळ केडगावला पंडिता रमाबाईंनी ग्रीक आणि हिब्रू शिकून बायबल मराठीत आणलं, त्याही छापील ग्रीकवरून, म्हणजे अशाच नकलांच्या नकलांवरून. नक्कल करणाऱ्यांच्या हातांवरच सगळं तरलंय.

खालच्या उपाहारगृहात चहा घेतला, बरा होता, दुधाचं प्रमाण मी सांगितलं म्हणून. मग गच्चीवरच्या बागेत जाऊन बसलो. ऊन पडलं होतं. २०१८ मधली गोष्ट आठवली : मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिल्या शतकातला तुकडा सापडल्याची वार्ता काही वर्षं हिंडत होती, आणि तो रीतसर छापून आला तेव्हा काळ दिलेला होता दुसऱ्या शतकाचा शेवट किंवा तिसऱ्याची सुरुवात. घाई झालेल्यांची यादी मोठी आहे, त्यात आपलंही एक नाव.

फोन काढला आणि साताऱ्याच्या त्या गृहस्थांना व्हॉट्सअॅपवर लिहिलं. तुमच्या कागदाचं १७६५ हे साल मी चुकीचं दिलं. तुमच्याच दुसऱ्या कागदावरून बघता, तो १८२० च्याही पुढचा असू शकतो. पट्टी काढून ठेवावी, क्षमस्व.

साताऱ्याकडे तेव्हा रात्र असणार, तरी दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. बराच वेळ 'टाइप करत आहे' दिसत राहिलं. मग एक ओळ आली : "बरं काका. मग आता पट्टीवर काय लिहू?"